मिरीचं वजन

स्लाऊ
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

सान्वी,

मराठीत लिहितोय. तुला वाचायला वेळ लागेल, लागू दे. इंग्रजीत सॉरी म्हणणं मला फार सोपं जातं. बसमध्ये दुसऱ्याचा धक्का मला लागला तरी मीच सॉरी म्हणून मोकळा होतो. तसलं सॉरी तुला पाठवायचं नाही. लहानपणी आई तुला रविवारी बाराखडी गिरवायला बसवायची, तू रडायचीस, आणि मी म्हणायचो, कशाला छळतेस पोरीला, कुठे लागणार आहे तिला हे. तर इथे लागतंय.

पत्ता आईच्या फोनमधून घेतला. तिला विचारलं नाही.

तू गेलीस त्याला आठ महिने झाले. दर रविवारी अकरा वाजता तू आईला फोन करतेस आणि मी मागच्या बागेत जातो. या थंडीत बागेत करण्यासारखं काही नसतं. उभा राहतो. आत आलो की आई सांगते, बरी आहे, वारा खूप आहे म्हणाली, कचरा डेपोवर सीगल फार झालेत. एडिनबराच्या बाहेर कुठल्यातरी कचऱ्याच्या डोंगरावर तू ससाणे उडवतेस, सीगल पळवायला. इथे कॉलिनच्या पक्ष्यांच्या सेंटरवर, शोला, लोक तुला बघायला तिकीट काढून यायचे. आता बघायला कोण, तर कचऱ्याच्या लॉऱ्यांचे ड्रायव्हर. आई हे सांगते तेव्हा माझ्याकडे बघत नाही.

एका वाक्याबद्दल लिहायचं होतं. त्या मंगळवारी तू कॉलिनच्या ऑफिसातून घरी आलीस. आदल्या दिवशी, बँक हॉलिडेच्या शोमध्ये, मिरी उडून गेली होती. त्या सकाळी तिच्या पायातल्या ट्रान्समीटरच्या आवाजामागे जात तुला ती शेतातल्या विजेच्या खांबाखाली सापडली होती, आणि दुपारी कॉलिनने तुला कामावरून काढलं होतं. आई अजून मंडळातल्या बायकांना सांगते, सान्वीची ती घार मेली ना, म्हणून. घार नाही, हॅरिस हॉक, असं मी पूर्वी सुधारायचो. आता गप्प बसतो.

तू बूट न काढता जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलीस. म्हणालीस, "कॉलिन म्हणतो, नऊशे पस्तीस ग्रॅमचा पक्षी असा झाडावर बसून राहत नाही. एकतर वजन केलं नाही, नाहीतर कोणीतरी खायला घातलं. मी म्हटलं, वहीत सही माझी आहे."

आणि मी म्हणालो, "झालं ते बरंच झालं. आता तरी नीट नोकरी बघ."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. रागाने नाही. कशाने ते मला तेव्हा कळलं नाही. दोन आठवड्यांनी तू बॅग घेऊन स्कॉटलंडला गेलीस.

ते वाक्य मी बोलायला नको होतं. तुझी प्राणिशास्त्राची डिग्री, लॅबमधल्या नोकऱ्या, सगळं माझ्या डोक्यात वर्षानुवर्षं साठलेलं होतं आणि ते नको त्या दिवशी बाहेर आलं. मिरी, आठ महिन्यांची असल्यापासून तू हातावर वाढवलेली, पाच वर्षं तुझ्या आवाजावर आलेली. तिला जाऊन एक दिवस झाला नव्हता.

त्या वाक्याबद्दल माफ कर. एवढंच लिहायचं होतं.

बाबा

स्लाऊ
२ मार्च २०२५, रविवार

सान्वी,

उत्तर आलं नाही. येईल असं मी गृहीत धरलं होतं, याचंच आता हसू येतं.

एवढंच लिहायचं होतं असं मी लिहिलं, ते खरं नव्हतं. अजून आहे.

मी सेंटरवर कसा आलो आठवतं ना? कॉलिनचा वजनकाटा सकाळी एक आकडा दाखवायचा आणि दुपारी दुसरा. तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही आयुष्यभर हेच केलंत ना, एकदा बघा." मी नुकताच रिटायर झालो होतो. मी माझी वजनांची पेटी घेऊन आलो, अर्ध्या तासात काटा बरा केला, आणि कॉलिन म्हणाला, "विनी, शनिवारी काय करतोस?" विनयचं विनी त्याने पहिल्याच दिवशी केलं. मग दर शनिवारी, रविवारी मी तुझ्याबरोबर यायला लागलो. पक्षी बसतात ते ठोकळे घासायचे, पाणी बदलायचं, गेटवर छत्र्या ठेवायच्या.

त्यांच्या खाण्याच्या खोलीत मात्र पहिले दोन महिने पाय ठेवला नाही. मी घरात अंडंसुद्धा न खाणारा माणूस. तिथे ट्रेमध्ये एक दिवसाची मेलेली कोंबडीची पिल्लं, पिवळीधमक, फ्रीजरमधून काढून मऊ व्हायला ठेवलेली. नंतर सवय झाली. हातमोजे घालून मोजून ठेवायलाही लागलो.

एका गोष्टीची सवय झाली नाही. सकाळी वजन करायचं, दहा ग्रॅम जास्त भरलं की त्या दिवशी पक्ष्याला उडवायचं नाही आणि खाणंही कमी. मी तुला म्हणालो होतो, हे उपाशी ठेवणं आहे. तू समजावलंस. "बाबा, भूक नाही ही. वेट आहे. बॉक्सर कसा वेट सांभाळतो, तसं. पोट भरलं की ती कशाला येईल माझ्याकडे? तिला मी आवडते असं लोकांना वाटतं. तिला माझ्या हातातलं मांस आवडतं." हे तू हसत सांगितलंस. मला ते हसण्यासारखं वाटलं नव्हतं.

त्या सोमवारी शो अडीचला होता. एक वाजता तू माइक तपासायला मैदानावर गेलीस. मिरी तिच्या ठोकळ्यावर होती. मी बादली घेऊन जात होतो. ती माझ्या हाताकडे बघायला लागली. मान वाकडी करून, बारीक आवाज काढत. घरात पाहुण्यांच्या पुढ्यात ताटं वाढावीत आणि एकाला तसंच बसवावं, तसं मला वाटलं. मी आत जाऊन एक पिल्लू आणलं आणि तिला दिलं.

एका पिल्लाने एवढं होईल असं वाटलं नाही.

तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. ती झाडावर जाऊन बसली तेव्हा सांगायला हवं होतं. तू आणि कॉलिन कुंपणापलीकडे तिला शोधत फिरत होतात तेव्हा मी गेटवर छत्र्या मोजत उभा होतो. मंगळवारी तू पायरीवर बसलीस तेव्हा तर नक्की सांगणार होतो, आणि तोंडातून ते दुसरं वाक्य आलं.

मिरी माझ्यामुळे गेली. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली. दया आली म्हणून का होईना, पण माझ्यामुळे.

आईला हे माहीत नाही.

बाबा

स्लाऊ
२३ मार्च २०२५, रविवार

सान्वी,

तीन आठवडे झाले. पोस्टमनने आणलेलं प्रत्येक पाकीट मी आईच्या आधी उचलतो. त्यात कौन्सिल टॅक्स असतो नाहीतर दाताच्या डॉक्टरचं स्मरणपत्र.

मागच्या पत्रात मी लिहिलं, एका पिल्लाने एवढं होईल असं वाटलं नाही. पत्र पेटीत टाकल्यापासून ते वाक्य मला टोचतंय. चोवीस वर्षं मी ट्रेडिंग इस्टेटवरच्या कंपनीत काटे तपासले. सोनारांचे, विमानतळावरच्या सामानाचे, औषधांच्या कारखान्यांचे. एका ग्रॅमच्या शंभराव्या भागासाठी मी एकदा अख्खी गोळ्यांची मशीन थांबवली आहे. वजन म्हणजे काय हे मला कळत नव्हतं, असं माझ्याबद्दल कुणालाच म्हणता येणार नाही, मला तर नाहीच.

पिल्लं दोन होती.

आणि मी वाट बघून ती दिली. तू मैदानाच्या टोकाला गेलीस हे बघून.

त्या दिवशी मोराग येणार होती. तू महिनाभर आधी जेवताना सांगितलं होतंस, स्कॉटलंडमध्ये तिचं मोठं सेंटर आहे, तिला शो चालवायला माणूस हवाय, कायमची नोकरी, राहायला घर. ती बँक हॉलिडेला तुझा शो बघायला येणार. आईने लगेच शिरा केला. मीही खाल्ला. रात्री उठून नकाशावर अंतर बघितलं. चारशे मैल.

तू गेल्यावर घरात काय राहणार होतं ते तुला माहीत नाही. आई सकाळी शाळेच्या लायब्ररीत जाते आणि चारला येते. मी खिडकीत बसतो. रिटायर झाल्यानंतरच्या त्या दीड वर्षात माझ्याकडे एकच गोष्ट होती, शनिवारी आणि रविवारी सकाळी तुझ्याबरोबर गाडीतून जायचा अर्धा तास. तू चालवायचीस, मला सांगायचीस आज कुठला पक्षी मूडमध्ये नाही, कॉलिनचं कोणाशी वाजलंय. तुझ्या शाळेच्या वयात मी कामात होतो. मला माझी मुलगी या गाडीत भेटली. आणि ती चारशे मैलांवर जाणार होती.

मी असं ठरवलं होतं. मिरी झाडावर बसेल. लोक हसतील. मोरागला वाटेल, या मुलीला पक्षी सांभाळता येत नाही. ती परत जाईल. संध्याकाळी भूक लागली की मिरी खाली येईल, तू तिला घेऊन आत ठेवशील, आपण घरी येऊ, तू दोन दिवस नाराज राहशील. एवढंच.

अजून एक आहे, ते लिहायला मी सकाळपासून बसलोय.

दोन वाजता तू धावत आलीस. तुझ्या हातात माइकची वायर होती. नियम होता, प्रत्येक शोच्या आधी पुन्हा वजन. तू म्हणालीस, "बाबा, मिरीला काट्यावर घ्या ना, मला उशीर होतोय." मी तिला काट्यावर घेतलं. काट्यावर आकडा आला एक हजार अकरा. तो काटा मीच लावून दिलेला, चूक असणं शक्य नव्हतं. तू दारातून विचारलंस, "किती?"

मी म्हणालो, "नऊशे पस्तीस. सकाळएवढंच."

तू वही उघडलीस, लिहिलंस, सही केलीस आणि मिरीला माझ्या हातावरून घेऊन गेलीस. काट्याकडे बघितलंही नाहीस. बघायची गरज तुला वाटली नाही. आयुष्यभर मी एकही खोटा आकडा सांगितला नव्हता. पहिला तुला सांगितला.

शो मी गेटजवळून बघितला. मिरी दोन खांबांमधून एकदा उडाली, लोकांच्या डोक्यांवरून, आणि सरळ त्या मोठ्या ओकवर जाऊन बसली. पिसं फुगवली, एक पाय पोटात घेतला. तू माइकवर म्हणालीस, "मिरीलाही आज बँक हॉलिडे हवाय." लोक हसले. सगळं मी ठरवलं होतं तसंच चाललं होतं. तू हात वर करून उभी होतीस, पाच मिनिटं, दहा मिनिटं. मोराग पहिल्या रांगेत होती, तिने घड्याळ बघितलं.

मग कावळे आले. कावळ्यांचा मी विचारच केला नव्हता. चार-पाच असतील. त्यांनी तिला चोची मारायला सुरुवात केली आणि ती उडाली, जड, खालून, कुंपणापलीकडे. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दया आली होती, हे मात्र खोटं नाही. ती भुकेली वाटत होती आणि मला वाईट वाटलं होतं. तेही होतं, सान्वी. दोन्ही होतं.

बाबा

ईस्ट लोदियन
५ एप्रिल

बाबा,

तुमचे तीन पत्र मिळाले. पहिला वाचायला मला दोन तास लागला. तिसरा मी ब्रेकमध्ये व्हॅनमध्ये वाचली.

मला माहीत होता.

मिरी पोलच्या खाली होती तेव्हा मी तिला उचलली. तिचा क्रॉप भरलेला होता. गळ्याखालची पिशवी, तुम्हाला माहीत आहे. मी हात लावला तर आत पाय लागले. चिक्सचे. मी मोजले. चार पाय. सो दोन चिक्स. तुम्ही दुसऱ्या पत्रात एक लिहिलं तेव्हा मी ती पत्र बिनमध्ये टाकली. मग परत काढली.

फीड रूमचा चावी त्या दिवशी फक्त तुमच्याकडे आणि माझ्याकडे होता. मी नव्हतं दिलं.

कॉलिनने विचारलं, हू फेड हर? मी म्हटलं सही माझी आहे. ते मी तुम्हाला वाचवायला नाही म्हटलं. रूल आहे, जो सही करतो त्याने बघायचं. मी बघितलं नाही. तिचा क्रॉप पण नाही बघितला, ग्लव्हवर घेतली तेव्हा दिसायला पाहिजे होता. ती माझा चूक आहे. ती माझीच राहू दे. बाकीची तुमची.

घरी आली तेव्हा मी पायरीवर बसून वाट बघत होती. मला वाटलं बाबा आता सांगतील. मी मनात म्हटलं, सांगितलं तर मी काही बोलणार नाही. तुम्ही म्हणालात झालं ते बरंच झालं. मी त्या वाक्यामुळे नाही गेली. त्याच्या आधी तुम्ही थांबलात ना, एक मिनिट, त्याच्यामुळे गेली.

आकडा खोटा सांगितला हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, वजनानंतर दिलं असेल. हे मी अजून डोक्यात घेऊ शकत नाही.

मला सॉरी नको आत्ता. कॉलिनला सांगा. पत्र नको, समोर जाऊन. आणि आईला. आई मला दर रविवारी सांगते, सान्वी, बाबांना एकदा सॉरी म्हण, मोठे आहेत. दर रविवारी. मी ओके आई म्हणते.

मी तिला नाही सांगणार. ते तुमचा काम आहे.

सान्वी

स्लाऊ
१३ एप्रिल २०२५, रविवार

सान्वी,

दोन्ही ठिकाणी सांगितलं. कसं झालं ते लिहितो, वर-खाली न करता.

आईला गुरुवारी सांगितलं. ती शाळेतून आली, कोट काढत होती. मी म्हणालो, बस जरा. ती म्हणाली, "कोण गेलं?" मी तिन्ही पत्रांतलं सगळं सांगितलं, आकड्यासकट. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. कोटाची एक बाही तशीच हातात राहिली होती.

मग तिने विचारलं, "ती घर सोडून गेली त्या दिवशी तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"मी तिला डबा भरून दिला, तुम्ही वर खिडकीत उभे होतात, तेव्हा?"

"हो."

"आणि मी पोरीला दर आठवड्याला सांगतेय, बाबांची माफी माग." तिने कोटाची ती बाही सोडली. मग म्हणाली, "तुम्ही मलाही यात घेतलंत. मला न सांगता मलाही घेतलंत."

ती आता तुझ्या खोलीत झोपते. माझं जेवण टेबलावर असतं. बोलणं कामापुरतं आहे.

कॉलिनकडे काल गेलो, सेंटर उघडायच्या आधी. बसने गेलो आणि शेवटचा दीड मैल चाललो. गाडीत तुझ्या जागी बसून ती चालवणं जमेना. तो नळीने पक्ष्यांच्या आंघोळीच्या परातींमध्ये पाणी भरत होता. "विनी! किती दिवसांनी!" म्हणून त्याने हात पुढे केला. मी म्हणालो, आधी ऐक, मग ठरव हात द्यायचा की नाही.

उभ्याउभ्याच सांगितलं. नळी त्याच्या हातात तशीच राहिली आणि पाणी त्याच्या बुटांवर सांडत राहिलं. शेवटी त्याने जाऊन नळ बंद केला.

"तिला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"मला वाटलं नव्हतं. होतं. क्रॉप चाचपल्यावर कळलं तिला."

तो म्हणाला, "मी तिला ऑफिसात उभं करून वीस मिनिटं बोललो. वीस मिनिटं. ती एवढंच म्हणाली, सही माझी आहे." मग म्हणाला, "तुला हे माहीत नसेल. गेल्या वर्षात तीन ठिकाणांहून मला तिच्याबद्दल फोन आले. तिघांना मी सांगितलं, हात सोन्याचा आहे, पण वजनाचं खोटं लिहिते."

सान्वी, हे मला खरंच माहीत नव्हतं. तू कचरा डेपोवर का आहेस हे मी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, रुसून गेलीस, मिळालं ते काम घेतलंस. तीन ठिकाणी तू अर्ज केलास आणि तीनही ठिकाणी माझा खोटा आकडा तुझ्या आधी जाऊन पोहोचला.

कॉलिन मला वजनाच्या खोलीत घेऊन गेला. कपाटातून मागच्या वर्षीची वही काढली, मे महिन्याचं पान उघडलं. मला वाटलं पेन माझ्या हातात देईल. दिलं नाही. स्वतःच नऊशे पस्तीसवर रेघ मारली आणि विचारलं, "किती?" मी आकडा सांगितला. त्याने लिहिला, पुढे माझं नाव लिहायला लागला आणि थांबला. त्याला माझं आडनाव माहीत नव्हतं. दीड वर्षं मी तिथे येत होतो. मी एकेक अक्षर सांगितलं, त्याने लिहिलं.

"आता जा," तो म्हणाला. "लोक यायच्या आत जा. आणि परत येऊ नकोस."

बाहेर जायला पक्ष्यांच्या रांगेसमोरूनच वाट आहे. मिरीचा ठोकळा त्यांनी एका तरुण पक्ष्याला दिलाय. त्याने माझ्याकडे बघितलं, मी हात खिशात घातले.

तू सांगितलंस म्हणून केलं, हे मी विसरलेलो नाही. स्वतःहून मी यातलं काहीच केलं नसतं, कदाचित.

बाबा

स्लाऊ
२७ एप्रिल २०२५, रविवार

सान्वी,

आज सकाळी तू जे विचारलंस त्याबद्दल हे पत्र आहे.

आधी दोन गोष्टी. कॉलिनने त्या तिन्ही ठिकाणी फोन केले, आणि मोरागलाही, हे मला कळलं. मोरागने तुला जूनमध्ये बोलावलंय, तू अजून हो म्हणालेली नाहीस, हेही कळलं. आईने मला सांगितलं नाही. ती जिन्यात तुझ्याशी बोलत होती आणि मी ऐकलं. ऐकलं हे तिला नंतर सांगितलं. आता एवढं तरी करतो.

आज अकरा वाजता नेहमीप्रमाणे बागेत जायला मागचं दार उघडलं. आईने फोन कानाला लावलेला होता. ती म्हणाली, "थांबा. तुम्हाला बोलावतेय." फोन माझ्या हातात दिला आणि ती खोलीतून गेली नाही, खुर्चीचा हात धरून उभी राहिली.

तिकडे वारा होता. सीगल ओरडत होते, लॉरी मागे घेतल्याचा तो टीटी आवाज येत होता. मी हॅलो म्हणालो. तू म्हणालीस, "बाबा, मी कामावर आहे. दोन मिनिटं आहेत. एकच विचारायचं आहे."

मी म्हणालो, विचार.

"मिरीला भूक लागली होती असं तुम्हाला खरंच वाटलं होतं का?"

दुसऱ्या पत्रात मी तेच लिहिलं होतं. तिसरं लिहितानासुद्धा शेवटी ते घातलंच, दोन्ही होतं म्हणून. ते एवढं एक माझ्याकडे ठेवलं होतं, की अगदीच वाईट माणूस नाही मी, मला दया येते. ती मान वाकडी करून बघत होती, आवाज काढत होती, हे खरं आहे. पण ती नेहमीच तसं करायची. माझी बादली दिसली की करायची. आदल्या संध्याकाळी तू तिला तिचा पुरा वाटा दिला होतास, मीच ट्रे धुतला होता. दीड वर्षं मी तिला दर शनिवारी-रविवारी बघत होतो. भुकेला पक्षी कसा दिसतो आणि सवयीने मागणारा कसा दिसतो, हे मला तूच शिकवलं होतंस.

मी उत्तर दिलं. सीगल चालूच होते. मग तू म्हणालीस, "आईला द्या."

मी फोन आईला दिला.

ती तुझ्याशी बोलत होती तेव्हा मी तिथेच बसलो, बागेत गेलो नाही. आणि माझ्या मनात आलं की ते उत्तर माझ्या तोंडून फार हळू आलं. तुझ्याकडे वारा एवढा होता. तू ऐकलंस की नाही, मला कळलं नाही. तुला पुन्हा विचारायला लागू नये, म्हणून इथे लिहितो.

नाही. तिला भूक लागली नव्हती. मला माहीत होतं.

बाबा